कुमुदताई आणि ब्रिनहीरची मार्गारेट

कुमुदताई रीस माणसाकडे पाहून त्याचं जन्मवेळचं वजन सांगत. पहिल्याच भेटीत त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "पावणेसहा पौंड. आणि रडायला वेळ लावला असणार." मी तेव्हा लंडनमधल्या हॅरोच्या एका लायब्ररीत संदर्भ विभाग सांभाळत होतो आणि त्यांच्याकडे फक्त लायब्ररीचं कार्ड मागितलं होतं. त्या रविवारी मी सांगलीला फोन करून आईला माझं वजन विचारलं. आई म्हणाली, "आमच्या वेळी वजन धान्याचं करायचे."

चौतीस वर्षं त्यांनी लंडनच्या हॉस्पिटलांत मिडवाइफ म्हणून काम केलं होतं आणि रिटायर झाल्यावरही ती नजर गेली नव्हती. आमच्याकडे नव्या कॉम्प्युटरांचं उद्घाटन झालं. कौन्सिलरसाहेबांनी फीत कापून वाचनसंस्कृतीवर अर्धा तास भाषण केलं, तेव्हा मागच्या खुर्चीवरून कुमुदताई मला हळूच म्हणाल्या, "पायाळू असणार. सुरुवातच उलटी, म्हणून संपवायचं कुठे ते कळत नाही."

मूळच्या त्या सामंत, कोकणातल्या पेंडूरच्या. नर्सिंग शिकून साठच्या दशकात लंडनला आल्या आणि डेव्हिड रीस नावाच्या ट्रेन ड्रायव्हरशी त्यांनी रजिस्टर लग्न केलं. वडिलांनी त्यानंतर पत्र पाठवलं नाही. हे त्या इतक्या सहज सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, पोस्टाचा संप होता.

डेव्हिड गेला त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे २००३ मध्ये, त्या माझ्या टेबलापाशी आल्या. हातात एका पानाची झेरॉक्स होती.

"लिमये, तुम्ही म्हणे घराण्यांचं शोधून देता."

"माझ्या घराण्याचं शोधलंय," मी शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो.

ती नम्रता खोटी होती. आमच्या लिमयांचा सातशे पानी कुलवृत्तान्त आहे आणि त्याच्या नव्या आवृत्तीचा विलायतेतला भाग माझ्याकडे होता. महाराष्ट्र मंडळात गुढीपाडव्याला मी भिंतभर लांबीची वंशावळ लावून व्याख्यान दिलं होतं आणि अध्यक्षांनी माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला होता. नारळावर सुपरमार्केटचं लेबल तसंच होतं. कार्यक्रम संपल्यावर लोक बटाटेवड्यांकडे गेले. कुमुदताई एकट्याच चष्मा लावून वंशावळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या.

"यात बायका कुठे असतात हो?"

"कंसात," मी म्हणालो.

"हं. कोंडून ठेवल्यात."

तर झेरॉक्स. डेव्हिडची थोरली बहीण ग्वेन पश्चिम वेल्समध्ये राहायची. अविवाहित, निवृत्त शिक्षिका, ऐंशीच्या आसपासची. रीस घराण्याचं जुनं बायबल तिच्याकडे होतं. वेल्समधल्या शेतकऱ्यांच्या घरी अशा बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानांवर पिढ्यान्‌पिढ्या जन्म आणि मृत्यू लिहून ठेवलेले असतात. डेव्हिडचं दफन झाल्यावर ग्वेनने ते उघडून त्याच्या नावापुढे तारीख घातली आणि कुमुदताईंनी वाकून पाहिलं. डेव्हिडच्या खाली 'ओवेन, डेव्हिडचा मुलगा' अशी नोंद होती. मध्ये काहीच नव्हतं.

"ओवेन डेव्हिडला एकट्यालाच झालेला दिसतोय," कुमुदताई मला म्हणाल्या. "मी आपली उगीच रजा घेतली."

त्यांनी ग्वेनला कारण विचारलं. कारण पानाच्या माथ्यावर होतं: 'जॉन रीस, ब्रिनहीर, आणि मार्गारेट'. ब्रिनहीर हे शेताचं नाव. त्याखाली जॉनची मुलं, त्यांची मुलं, सगळी तारीखवार. ही मार्गारेट कुठली, कुणाची, कधी मेली, काही माहीत नव्हतं. ग्वेनच्या वडिलांनी एकदा पाद्र्याकडून चर्चची दफनाची नोंदवही तपासून घेतली होती. तीत मार्गारेट रीस नावाची कोणी पुरलेली नव्हती. मग घरात ठरलं की ती मुलं टाकून पळून गेली. बायका न लिहिण्याची चाल होतीच, तेव्हापासून तिचा नियम झाला की बायबलमध्ये रक्ताची माणसं लिहायची. बाहेरून आलेल्या बायकांचं खात्रीने काही सांगता येत नाही. ग्वेनची स्वतःची आईसुद्धा त्या पानावर नव्हती.

"मार्गारेटचा पत्ता लाव, मग तुझं नाव लिहिते, असं म्हणाली," कुमुदताई म्हणाल्या. "ती थट्टेने म्हणाली. मी थट्टेवारी नेलेलं नाही. पस्तीस वर्षं संसार केला मी त्या घराशी."

मी हे काम हाती घेतलं ते परोपकार म्हणून नव्हे. मला दाखवायचं होतं की हे कसं करतात.

दर मंगळवारी सकाळी त्या डबा घेऊन येत. जुन्या नोंदींच्या मायक्रोफिल्म वाचायच्या यंत्राला त्या पहिल्या दिवसापासून 'पेशंट' म्हणू लागल्या. "पेशंट आज गरम आहे," म्हणत दिवा बंद करून थोडा वेळ थांबत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "कुणीतरी हजर असणारच." नोंद सापडली नाही, पान फाटलेलं निघालं, कारकुनाचं अक्षर लागलं नाही, की त्या ते म्हणत. माणूस जन्मला म्हणजे तिथे कुणीतरी हजर असणारच, मेला म्हणजे हजर असणारच, आणि त्या कुणीतरी काहीतरी पाहिलेलं असणारच. मला हे भाबडं वाटे. सातशे पानांच्या अनुभवावरून मला ठाऊक होतं की बहुतेक प्रसंगी कुणीही हजर नसतं, आणि असलं तर त्याला लिहिता येत नाही.

पण खरं सांगायचं तर मला हेवा वाटायला तिथूनच सुरुवात झाली. ब्रिनहीर म्हणजे काही गडगंज शेत नव्हतं. अठ्ठावीस एकर, तेही दुसऱ्याच्या मालकीचं, खंडाने घेतलेलं. रीस मंडळींची शिल्लक म्हणजे गाई आणि खोकला. पुढे त्यातलाच एक जण लंडनला दूध विकायला आला, त्याच्या मागोमाग डेव्हिडही लंडनला आला. अशा माणसांची इथल्या सरकारने दर दहा वर्षांनी दारात जाऊन नावं, वयं, जन्मगावं लिहून घेतली होती. गडी, गुराखी पोरी, पाळण्यातलं मूल, सगळे. माझ्या घराण्यात पेशव्यांच्या मुलाखतीला गेलेले पुरुष आहेत, निदान पुस्तकात तसं छापलंय. पण त्यांच्या बायका 'पत्नी: नाव ज्ञात नाही'. एका खंडकऱ्याच्या गुराख्याचं वय मला माहीत होतं आणि माझ्या खापरपणजीचं नाव माहीत नव्हतं.

शिवाय डेव्हिडचा हेवा वाटे. कुमुदताई फिल्म फिरवताना त्याच्याबद्दल बोलत. तो चहात साखर घालायचा आणि ढवळायचाच नाही, शेवटचा घोट गोड लागावा म्हणून. मी घरी आल्यावर बायकोला विचारलं, "मी गेल्यावर माझ्यासाठी असं कुणी शोधत बसेल का गं?" ललिता म्हणाली, "सगळं छापून ठेवलंयत तुम्ही. शोधायला ठेवलंय काय?"

१८५१च्या जनगणनेत ब्रिनहीर लगेच सापडलं. जॉन रीस, शेतकरी, विधुर. म्हणजे मार्गारेट त्याआधी गेलेली. मेली की पळाली, हाच प्रश्न; बायको पळालेला नवराही स्वतःला विधुर म्हणवतो. मग आम्ही १८४१चं पान काढलं. त्या जनगणनेत कोण कुणाचं कोण ते लिहिलेलं नसतं. नुसती नावं, वयं, व्यवसाय. मोठ्यांची वयंही पाचाच्या पटीत खाली ओढलेली. एकोणतिशीची बाई पंचवीस.

"सोयीचं आहे," कुमुदताई म्हणाल्या.

पानावर होतं: जॉन रीस, तीस, शेतकरी. मार्गारेट एव्हान्स, पंचवीस. मग तीन मुलं, आडनाव रीस. शेवटी दोन गडी.

मी माझ्या वहीत पेन्सिलीने लिहिलं: 'मार्गारेट एव्हान्स, बहुधा मोलकरीण.' आणि मोठ्या आवाजात समजावलं की योगायोगाने नाव तेच असलं तरी ही घरची बाई नाही. लग्न झालेली बाई नवऱ्याच्या नावाने सापडते. माहेरचं आडनाव लावलेली बाई या घरात नोकर म्हणूनच असू शकते. घरची मार्गारेट १८४१ सालीच गायब आहे, म्हणजे ती पळून गेली असण्याला आता आधार मिळतो. हे सांगताना मला वाईट वाटत होतं, पण थोडं बरंही वाटत होतं.

त्या दिवशी कुमुदताईंनी डबा उघडला नाही. पुढचे तीन मंगळवार त्या आल्याच नाहीत. चौथ्या मंगळवारी आल्या त्या थेट पेशंटपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "तेच पान लावा."

मी लावलं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं ते शेवटच्या मुलावर.

"याचं वय वाचा."

"दोन महिने."

"दूध कोण पाजतंय त्याला?"

मी म्हणालो, दाई असेल. दूधआई.

"अठ्ठावीस एकराच्या खंडकऱ्याकडे?" त्यांनी चष्मा काढला. "लिमये, जमीनदारांकडे असते दूधआई. इथे खाली गड्यांच्या नावापुढे गडी म्हणून लिहिलंय. हिच्यापुढे काय लिहिलंय?"

काही लिहिलेलं नव्हतं. रकाना कोरा होता.

"मी एवढी वर्षं वॉर्डात काय पाहिलं? खोलीत दोन महिन्यांचं बाळ असलं की मी कार्ड बघतच नाही. जी बाई बाळापासून सगळ्यांत जवळ बसलेली असते आणि जिचे डोळे मिटत असतात, ती आई. तिचं नाव तिला जे हवं ते असू दे."

मी त्या संध्याकाळी आमच्याच कपाटातलं वेल्सच्या चालीरीतींवरचं पुस्तक काढलं. ते मी स्वतः खरेदीला मंजूर केलं होतं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की जुन्या वेल्समध्ये लग्नानंतरही बाई बापाचंच नाव लावी. जगताना, आणि पुष्कळदा मेल्यावरही. नवऱ्याचं नाव घेण्याची पद्धत इंग्रजांकडून सावकाश आली. मी ते पान दोनदा वाचलं. मग वहीतलं 'मोलकरीण' खोडरबरने पुसलं. कागदावर त्याचा ठसा राहिला.

आता शोधायची ती मार्गारेट एव्हान्स. मी त्या पॅरिशच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या हद्दीतल्या, दफनाच्या नोंदींची फिल्म मागवली. ती शुक्रवारी आली, आणि इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मंगळवारची वाट न बघता मी शनिवारी लायब्ररी बंद झाल्यावर ती लावली. पाऊण तासात सापडली. 'मार्गारेट एव्हान्स. राहणार ब्रिनहीर. वय तेहतीस.' मी फिल्म गुंडाळून डब्यात ठेवली. मंगळवारी काय करायचं तेही ठरवलं: थोडा वेळ इकडेतिकडे फिरवायचं, मग एकदम थांबायचं आणि म्हणायचं, हे बघा. शोध निदान माझ्या तोंडून तरी जाहीर होईल.

मंगळवारी त्यांनी डबा हातात घेतला, फिल्म बाहेर काढली आणि माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही आधी पाहिलंत."

"कशावरून?"

"शेवटाचं टोक वर आहे. घाईत उलटी गुंडाळलीत." मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "असू दे. बाळ आधी कुणी बघायचं यावरून दोन्हीकडच्या आज्या भांडतात, ते मी चौतीस वर्षं ऐकलंय. आता तुम्ही बाहेर थांबा. मला एकटीला बघू दे."

मी बाहेर थांबलो. काचेतून दिसत होतं. त्या फिल्म फिरवत होत्या, मग थांबल्या. शेवटी पर्समधून रुमाल काढला आणि पडदा पुसला. पडदा स्वच्छच होता.

ऑक्टोबरात मी त्यांना माझ्या गाडीतून वेल्सला नेलं. मोटरवेवर त्या गाडी चालवत नसत, म्हणायच्या, "एवढ्या वेगाने मी फक्त कळा बघितल्यात." ब्रिनहीरचं घर आता लंडनच्या कुणीतरी सुट्टीसाठी घेतलं होतं. ते बंद होतं, आम्ही थांबलो नाही. पॅरिशचं चर्च ग्वेनच्या बंगल्यापासून दोन शेतं सोडून होतं, आणि दफनभूमीत, यू नावाच्या काळ्याहिरव्या झाडामागे, तो दगड उभा होता. कुमुदताईंनी पाण्याची बाटली ओतली आणि तळहाताने, बाळाची पाठ चोळावी तसा तो चोळला. शेवाळाखालून अक्षरं आली. मार्गारेट एव्हान्स, जॉन रीस याची पत्नी, ब्रिनहीर. वेल्श भाषेत होतं, पण नावं आणि शेत ओळखायला भाषा लागत नव्हती. पत्नीसाठीचा शब्द मी त्या पुस्तकात शोधून ठेवला होता, तेवढीच माझी भर.

कुमुदताईंनी ग्वेनला बोलावून आणलं. ती काठी टेकत आली आणि चर्चच्या फाटकापाशी थांबली.

"मी आत येत नाही," ती म्हणाली. "आम्ही चॅपलची माणसं."

मला अंदाज होता, पण ऐकून कळलं ते आता. रीस घराणं दीडशेहून जास्त वर्षं चॅपलला, म्हणजे चर्चपासून फुटून निघालेल्यांच्या साध्या प्रार्थनाघरात जाणारं. चर्च म्हणजे जमीनदाराचं, इंग्रजी पाद्र्याचं. चॅपलची माणसं त्या फाटकातून आत जात नसत. मार्गारेटच्या काळी चॅपलला स्वतःची दफनभूमी नव्हती, म्हणून तिला इथे पुरलं. पुढच्या पिढ्या चॅपलच्या अंगणात गेल्या. ग्वेन ऐंशी वर्षं या भिंतीवरून शाळेत, दुकानात, पोस्टात जात होती. पळून गेलेली बाई भिंतीच्या आत वीस पावलांवर होती.

"ग्वेन," कुमुदताई म्हणाल्या, "माझ्या वडिलांनाही असंच एक फाटक होतं. ते आले नाहीत. तुम्ही या."

ग्वेनने फाटकातून आत, त्या झाडाकडे पाहिलं. मग तिने काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात कुमुदताईंच्या खांद्यावर ठेवला आणि आत आली. दगडासमोर तिने प्रत्येक अक्षर मोठ्याने वाचलं, वर्गात मुलाकडून वाचून घ्यावं तसं. वाचून झाल्यावर म्हणाली, "वडिलांना मी सांगितलं होतं, आई अशी मुलं टाकून जात नाही. ते म्हणाले, तुला काय कळतं, तुला मूल नाही."

घरी आल्यावर तिने बायबल स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. मला वाटलं होतं, आता कुमुदताईंचं नाव. पण तिने माथ्यावरच्या मार्गारेटपुढे 'एव्हान्स' लिहिलं, मग खाली उतरत आजीचं नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट. मग स्वतःच्या आईचं. आईचं नाव लिहायला तिला दोनदा पेन उचलावं लागलं. चहा थंड होत होता आणि कुमुदताई काही बोलत नव्हत्या. कोणत्याही खोलीत कधी बोलायचं नाही, हे त्यांना जितकं कळे तितकं मी कुणाला कळलेलं पाहिलं नाही.

शेवटी ग्वेनने डेव्हिडच्या ओळीवर बोट ठेवलं.

"रीस नको," ती म्हणाली. "मार्गारेटसारखं लिहू. तुझ्या बापाचं नाव?"

"गोविंद. गोविंद सामंत."

"आणि शेत?"

"शेत?"

"या पानावर प्रत्येकाला शेत आहे."

"पेंडूर," कुमुदताई म्हणाल्या, आणि एकेक अक्षर सांगू लागल्या. आवाज वॉर्डातला, सपाट, चुकीला जागा न ठेवणारा. कुमुद, गोविंद सामंत याची मुलगी, पेंडूर. गोविंद सामंतांनी जे पस्तीस-छत्तीस वर्षं लिहिलं नाही ते ग्वेनने चार मिनिटांत लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत हात पानावरच धरून ठेवला.

मी फ्रिजला टेकून उभा होतो. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही असेल, पण त्याखाली दुसरंच काहीतरी होतं. एका पानावर चार बायका बापाच्या नावासकट उभ्या होत्या. माझ्याकडे सातशे पानं होती.

परत आल्यावर मी कुलवृत्तान्ताच्या समितीला पत्र लिहिलं: नव्या आवृत्तीत स्त्रियांची माहेरची नावं, वडिलांची नावं आणि गावं घ्यावीत, कंस काढावेत. समितीचं उत्तर फार सौजन्यपूर्ण होतं. सूचना मौलिक आहे. पण पानं वाढतील.

कुमुदताईंना मी शेवटचं पाहिलं २००९ मध्ये, पॅडिंग्टन स्टेशनवर. ग्वेनला दिसेनासं झालं होतं आणि कुमुदताई हॅरोचं घर ओवेनला देऊन तिच्याकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. मी बॅग चढवायला गेलो होतो.

"आता बायबलचं लिहिणं माझ्याकडे आलंय," त्या म्हणाल्या. "ओवेनच्या बायकोपासून सुरुवात केली. तिच्या वडिलांचं नाव विचारायला फोन केला, तर तीच घाबरली. म्हणे, काय झालं?" मग खिडकीपाशी बसल्यावर, दार लागायच्या आधी, त्यांनी विचारलं, "लिमये, तुमच्या आजीचं माहेरचं नाव काय हो? वडिलांच्या आईचं?"

मला माहीत नव्हतं. आजीचं सासरचं नाव राधा, ते छापलेलं आहे. लग्नात नाव बदललं. आधी ती कोण होती, हे मी साठ वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं.

"तिकडे कुणी लिहून ठेवलेलं नाही," मी म्हणालो. "तिकडे फिल्म नाहीत, कुमुदताई."

"विचारा मग. आई आहे ना तुमची अजून? सून होती ती त्यांची. ती हजर असणारच." त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "फोन करा. इथे उभे राहून काय करताय?"

दार लागलं. त्यांच्या समोरच्या सीटवर एक दणकट म्हातारा वेल्श गृहस्थ रग्बीची पुरवणी वाचत होता. काचेतून आवाज येत नव्हता, पण कुमुदताईंनी पुढे वाकून त्याला काहीतरी विचारलेलं दिसलं. त्याने पेपर खाली ठेवला, कपाळाला आठ्या घातल्या आणि बोटांवर, बहुधा आपल्या आज्या-पणज्यांची नावं, मोजू लागला. गाडी हलली तेव्हा तो तिसऱ्या बोटापाशी अडला होता. त्या थांबून राहिल्या होत्या, अजिबात घाई नसल्यासारख्या. त्या माणसाचा मला अजून हेवा वाटतो. त्याच्याकडे स्वान्सीपर्यंत तीन तास होते.